बायोडेटात ‘ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये’ लिहिलं असेल तर

लग्नाच्या बायोडेटात ‘यूएसए, एच-१बी, ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये’, म्हणजे तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर आहे आणि कायम राहण्याच्या परवान्याची वाट बघतोय, असं वाचलं की आपल्याकडे पत्रिका बघायच्या आधीच बोलणी पुढे सरकतात. मुलगा हुशार, घर चांगलं, पगार चांगला, कार्ड आज ना उद्या येईलच, असं सगळे धरून चालतात. मी न्यू जर्सीत राहते. या एका ओळीमागे काय काय असतं ते इथल्या मराठी घरांतून पाहते आहे. म्हणून मुलींच्या आईबाबांना, आणि त्याहून जास्त मुलींना, कळकळीने सांगते: तेवढ्यावर थांबू नका. प्रायॉरिटी डेट विचारा. पगार विचारताना आपण लाजत नाही, मग ही तारीख विचारायला कसला संकोच?

ही तारीख म्हणजे रांगेतला नंबर. ‘या जागेसाठी लायक अमेरिकन माणूस मिळाला नाही’ हे कंपनीला जाहिराती देऊन कामगार खात्याला दाखवावं लागतं. तो पर्मचा अर्ज ज्या दिवशी भरला, ती आपली तारीख. मग आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्यासाठी इमिग्रेशन खात्याकडे केलेला अर्ज. तो मंजूर झाला की घरी पेढे वाटतात, पण त्याने फक्त रांगेतली जागा पक्की होते. कार्ड मिळतं ते आय-४८५ हा शेवटचा, कार्डाचाच अर्ज मंजूर झाल्यावर, आणि तो अर्ज भरायलाही आपली तारीख जवळ यावी लागते. तारखा कुठवर आल्या ते दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये येतं. २०२५ संपताना भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ ची (नोकरीवरच्या कार्डांचा उच्चशिक्षितांचा गट) तारीख २०१३ मध्ये होती.

यावरून ‘म्हणजे बारा वर्षं’ असा हिशोब मांडू नका, तो चुकेल. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० कार्डं निघतात, त्यातली ईबी-२ च्या वाट्याला ४०,००० च्या आसपास. १९९० च्या कायद्याने एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे भारताला ईबी-२ मध्ये वर्षाला जेमतेम २,८००, आणि यात बायको-मुलंही मोजली जातात! इतरांची उरली तर काही आपल्याकडे वळतात, तेवढाच आधार. आइसलँडला जी मर्यादा तीच भारताला. २०१३ नंतर इतके लोक रांगेत लागले आहेत की आज नव्याने उभा राहणाऱ्याचं आयुष्य रांगेतच जाऊ शकतं. यात त्याच्या हुशारीचा काही दोष नाही. बाजूच्या टेबलावर बसणाऱ्या, पोलंडमध्ये जन्मलेल्या सहकाऱ्याला तेच काम करून काही वर्षांत कार्ड मिळतं.

आणि इथे जन्म कुठे झाला ते बघतात. नंतर कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तरी रांग भारताचीच राहते. उलट वडील कुवेतला नोकरीला असताना तिथे जन्मलेला आपला मराठी मुलगा कुवेतच्या रांगेत जातो, आणि त्याच्याशी लग्न केलेल्या पुण्याच्या मुलीलाही त्याचा फायदा मिळतो. स्थळ बघताना ही गोष्ट कोणी विचारतच नाही.

मला सगळ्यात जास्त वाटतं ते एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर, येणाऱ्या मुलींबद्दल. नवऱ्याचा आय-१४० मंजूर होईपर्यंत बहुतेकींना इथे नोकरी करता येत नाही. २०१५ च्या नियमाने मंजुरीनंतर वर्क परमिट मिळू लागलं. त्याआधीच्या किती जणी वर्षानुवर्षं घरी बसल्या! माझ्या ओळखीची एक जण बीडीएस करून आली. तिकडे स्वतःचा दवाखाना काढायचं ठरलेलं होतं. इथे परवाना नाही, त्यासाठीच्या महागड्या शिक्षणाला लगेच पैसे नाहीत, आणि सासरी फोनवर रोज एकच प्रश्न, ‘काय गं, कार्डाचं काय झालं?’ जणू ते तिच्या हातात होतं. वर्क परमिट आलं तरी ते नवऱ्याच्या अर्जाला टांगलेलं, पुन्हा पुन्हा नूतनीकरणाला जाणारं. अर्ज अडकला की नोकरी थांबलीच. लग्नाआधी ‘आय-१४० झालाय का?’ एवढं विचारलं असतं, तर निदान ती डोळे उघडे ठेवून आली असती.

मुलांचंही तसंच. तीन वर्षांचं लेकरू घेऊन आलात आणि ते २१ वर्षांचं होईपर्यंत तारीख आली नाही, तर ते आईवडिलांच्या रांगेतून बाहेर पडतं. २००२ च्या कायद्याने वयातून थोडे महिने वजा होतात, पण इतक्या लांब रांगेपुढे ते पुरत नाहीत. मग ज्या गावात ते मूल वाढलं तिथेच त्याला परदेशी विद्यार्थी म्हणून व्हिसा काढावा लागतो. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बाहेर. आय-१४० मंजूर झालेला असेल तर तारीख टिकते, पण नव्या कंपनीला पर्मपासून सगळं पुन्हा करावं लागतं. आणि पासपोर्टवरचा व्हिसा संपला असला तरी आय-९४ वरची (देशात शिरताना मिळणारी मुक्कामाची नोंद) मुदत असेपर्यंत इथे राहणं कायदेशीर असतं, घाबरायचं कारण नाही. अडचण येते ती भारतात आल्यावर. परत जायला मुंबईत बीकेसीच्या अमेरिकी वकिलातीतून शिक्का मारून घ्यावा लागतो. डिसेंबर २०२५ मध्ये सोशल मीडियाची तपासणी वाढली, भारतातल्या कितीतरी एच-१बी मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या आणि सुट्टीवर आलेले लोक तिकडेच अडकले. त्यामुळे आजारी वडिलांना बघायला मुलगा लगेच निघाला नाही, तर ‘अमेरिकेत जाऊन बदलला’ असं पटकन बोलू नका. तो इथे रात्रभर जागा असतो.

ही देशवार मर्यादा जायला हवी असं माझं ठाम मत आहे. २०११ मध्ये तसं विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ३८९ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झालं, २०१९ मध्ये पुन्हा ३६५ विरुद्ध ६५ ने. कायदा एकदाही झाला नाही. विरोध करणारे म्हणतात, मर्यादा काढली तर पुढची कित्येक वर्षं बहुतेक कार्डं भारतीयच घेतील आणि बाकीचे थांबतील. ही भीती खोटी नाही. म्हणून मर्यादा काढताना एकूण कार्डंही वाढवायला हवीत, निदान बायको-मुलांना त्या आकड्यातून वगळायला हवं. तेवढ्यानेही रांग बरीच हलेल.

मी कुणाला ‘येऊ नका’ म्हणत नाही. इथे येऊन सुखाने राहणारी पुष्कळ मराठी घरं आहेत. ईबी-१ मध्ये (असामान्य कर्तृत्वाचे लोक, मोठे संशोधक, कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी यांचा गट) बसणाऱ्यांची रांग कितीतरी छोटी आहे. पण तुमच्याकडे असं स्थळ आलं असेल, तर गट कोणता, तारीख कोणती, आय-१४० मंजूर आहे का, आणि एच-१बी चं कितवं वर्ष चालू आहे, हे मुलीने स्वतः मुलाला विचारावं. चांगला मुलगा चिडणार नाही, त्याला या तारखा पाठ असतात. उत्तरातलं काही कळलं नाही तर खाली विचारा, कुणाचं नाव न लिहिता. मी वकील नाही, पण कोणत्या कागदाचा अर्थ काय आणि वकिलाला काय विचारायचं, एवढं नक्की सांगेन.