टेक्सासमध्ये ‘कुणीही’ पिस्तूल लावून फिरू शकत नाही, आणि एच-१बीवाल्यांनी तर तो विचारही करू नये

डॅलस परिसरातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. कुणीतरी बंदुकीच्या दुकानात जाऊन आलं, काउंटरवरच्या माणसाने जे सांगितलं ते मराठीत लिहून काढलं आणि खाली ‘खात्रीशीर माहिती, दुकानदाराने स्वतः सांगितली आहे’ अशी पुस्ती जोडली. मेसेजचा मजकूर असा : टेक्सासमध्ये २०२१ पासून लायसन्स लागत नाही. एकवीस वर्षांवरचा कुणीही कमरेला उघड पिस्तूल लावून कुठेही जाऊ शकतो. व्हिसा कोणता याने फरक पडत नाही, टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स पुरे. खरेदीच्या फॉर्मवर नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या वास्तव्याच्या) व्हिसाचा प्रश्न येतो तो टुरिस्ट लोकांसाठी आहे, तिथे ‘नो’ लिहायचं. बॅकग्राउंड चेक पास झाला की विषय संपला. फारच शंका असेल तर शिकारीचं लायसन्स काढून ठेवा.

हा मेसेज मला माझ्या भाच्याकडून आला. तो एच-१बीवर, म्हणजे नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. नुसता मेसेज आला असता तर मी वाचून सोडून दिला असता, पण त्याने पिस्तूल पसंत करून पैसेही भरले होते. फॉर्म भरून ताबा शनिवारी घ्यायचा होता. मी फोनवर ओरडले तर म्हणाला, “अगं मावशी, तो माणूस रोज हेच विकतो, त्याला कायदा माहीत नसेल का?” नसतो माहीत. परवाना दुकानाच्या मालकीचा असतो. काउंटरवर उभं राहणाऱ्याला कायद्याची कुठलीही परीक्षा द्यावी लागत नाही. त्याचा सल्ला चुकला तर कोर्टात तो उभा राहणार नाही, तुम्ही राहाल.

आधी व्हिसाचं बोलते, कारण बाकीच्या चुकाही महागात पडतात, पण या चुकीने माणसाचं इथलं सगळं आयुष्य जातं.

अमेरिकेच्या संघीय कायद्याचं अठरावं टायटल, कलम ९२२. त्याच्या पोटकलम ‘जी’मध्ये बंदूक किंवा गोळ्या बाळगायला कुणाकुणाला बंदी आहे त्याची यादी आहे. शिक्षा झालेले गुन्हेगार, फरारी आरोपी, आणि पाचव्या क्रमांकावर दोन गट : देशात बेकायदा असलेले परदेशी, आणि नॉन-इमिग्रंट व्हिसावर प्रवेश मिळालेले परदेशी. एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१, आई-बाबा ज्यावर येतात तो बी-२, हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा आहेत. “एच-१बीला ड्युअल इंटेंट असतो, म्हणजे तो इमिग्रंटच” असा युक्तिवाद ग्रुपवर एकाने केलाय. ड्युअल इंटेंटचा अर्थ एवढाच की ग्रीन कार्डसाठी अर्ज केला म्हणून तुमचा एच-१बी नाकारला जात नाही. इमिग्रेशन कायद्यात एच-१बीची व्याख्याच नॉन-इमिग्रंटांच्या यादीत आहे. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असला, प्रायॉरिटी डेटची, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत आपला नंबर यायची, वाट बघत बारा वर्षं गेली असली, स्वतःचं घर असलं, मुलं इथे जन्मलेली असली, तरी त्यात काही बदलत नाही.

ही बंदी मोडल्यास शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत कैद. पूर्वी दहा होती, २०२२ च्या कायद्याने वाढवली. आणि गुन्हा विकत घेतल्याने होतो असं नाही, जवळ बाळगल्याने होतो. नेमबाजीच्या रेंजवर बंदूक भाड्याने घेऊन चार गोळ्या झाडल्या तरी तो ताबाच. सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा रिहाइफ खटला यावरचाच आहे. विद्यार्थी व्हिसावर आलेला मुलगा, विद्यापीठाने काढून टाकल्यावर त्याचा दर्जा गेला, नंतर तो फ्लोरिडातल्या एका रेंजवर गेला आणि दोन बंदुका चालवल्या. तेवढ्यावर संघीय खटला झाला. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आपला इमिग्रेशनचा दर्जा काय आहे हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारला सिद्ध करावं लागेल. आता सांगा, पासपोर्टवर एच-१बीचा शिक्का असलेला, मुदतवाढीसाठी स्वतःची कागदपत्रं देणारा माणूस ‘मला माहीत नव्हतं’ असं कुठल्या तोंडाने म्हणणार? कायदा माहीत नव्हता, हा तर बचाव चालतच नाही.

दुकानात जो फॉर्म भरतात त्याचा नंबर ४४७३. त्यात सरळ प्रश्न आहे : तुम्ही नॉन-इमिग्रंट व्हिसावर प्रवेश मिळालेले परदेशी आहात का? तिथे एच-१बीवाल्याने ‘नो’ लिहिणं म्हणजे बंदूक घेण्यासाठी खोटी माहिती देणं. तो आणखी एक स्वतंत्र संघीय गुन्हा, दहा वर्षांपर्यंत कैदेचा. मला सगळ्यात जास्त संताप याचा आला. माहिती नसणं मी समजू शकते. पण ‘तिथे खोटं लिहा’ असा सल्ला देणारा माणूस गिऱ्हाइकाला स्वतःच्या हस्ताक्षरात पुरावा तयार करून द्यायला लावतोय, आणि आपली शिकलेली माणसं तो सल्ला मराठीत लिहून पुढे पाठवतायत.

आता शिकारीच्या लायसन्सचं. यात तथ्य आहे, ते मान्य करावंच लागेल. त्याच कलम ९२२ च्या पोटकलम ‘वाय’मध्ये अपवाद आहे : अमेरिकेत रीतसर मिळालेलं शिकारीचं लायसन्स जवळ असेल तर नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला ही बंदी लागू होत नाही. टेक्सासच्या रहिवाशाला ते लायसन्स साधारण पंचवीस डॉलरला मिळतं. मेसेज लिहिणाऱ्याने इथपर्यंत ऐकलं आणि थांबला. पुढचं ऐका. टेक्सासचं शिकारीचं लायसन्स तुम्ही कधीही काढा, ते ३१ ऑगस्टला संपतं. १ सप्टेंबरला नवं काढायला विसरलात तर कपाटातलं तेच पिस्तूल, जागचं हललेलं नसताना, संघीय गुन्ह्याचा मुद्देमाल होतं. दसरा येतो सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात. पाटावर पिस्तूल मांडून, हळदकुंकू वाहून शस्त्रपूजेचे फोटो फेसबुकवर टाकायची हौस आपल्या लोकांना आहे. तारखेसकट ताब्याचा पुरावा आपणच जाहीर करायचा.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. हा अपवाद फक्त नॉन-इमिग्रंट व्हिसाच्या बंदीला आहे, बेकायदा वास्तव्याच्या बंदीला नाही. एच-१बीवाल्याची नोकरी गेली तर इथे राहायला फार तर साठ दिवसांची सवलत मिळते. गेल्या काही वर्षांत ले-ऑफ किती झाले हे या ग्रुपांना मी सांगायला नको. साठ दिवसांत नवा एम्प्लॉयर मिळाला नाही, दुसरा अर्ज दाखल झाला नाही आणि तुम्ही इथेच राहिलात, तर शिकारीचं लायसन्स खिशात असून काहीही उपयोग नाही. त्या दिवसांत माणूस रेझ्युमे पाठवत असतो, भाड्याची आणि मुलांच्या शाळेची काळजी करत असतो. कपाटातल्या पिस्तुलाची आठवण त्याला कुठून येणार?

‘लायसन्स लागत नाही, कुणीही’ या वाक्यातलं पहिलं अर्धं खरं आहे. टेक्सासच्या २०२१ च्या हाउस बिल १९२७ या कायद्याने १ सप्टेंबर २०२१ पासून हँडगन बाळगायला राज्याचा परवाना सक्तीचा राहिला नाही, आणि होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) असेल तर उघड लावता येते. पण ही मुभा फक्त त्यांना आहे ज्यांना राज्याच्या आणि संघीय कायद्याने मुळात बंदूक बाळगता येते. ज्याला बाळगताच येत नाही त्याला लावून फिरण्याची मुभा कुठून मिळणार?

‘कुठेही’ हे तर सरळ खोटं. शाळा, कोर्ट, मतदान केंद्र, विमानतळाचा सुरक्षा तपासणीपुढचा भाग, व्यावसायिक सामन्यांची स्टेडियम, लाल अक्षरांत ‘५१%’ लिहिलेले (म्हणजे निम्म्याहून जास्त उत्पन्न दारूतून असलेले) बार, सगळीकडे मनाई आहे. खासगी जागेचा मालक बोर्ड लावून मनाई करू शकतो. आपल्या मंदिरांनाही तो हक्क आहे. दारावर ३०.०५, ३०.०६, ३०.०७ असे कायद्याच्या कलमांचे आकडे असलेले इंग्रजी-स्पॅनिश बोर्ड दिसतात ते त्याचेच.

शाळेबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण हे बंदुकीच्या दुकानात क्वचितच सांगतात. संघीय कायद्याने शाळेच्या हद्दीपासून हजार फुटांच्या आत बंदूक बाळगायला मनाई आहे. सॅन अँटोनिओमधल्या एका शाळेच्या प्रकरणावरून सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये तो कायदा रद्द केला होता, पण अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) दुरुस्ती करून तो १९९६ मध्ये परत आणला. खासगी जागेला त्यातून सूट आहे, आणि त्या राज्याने पडताळणी करून परवाना दिलेल्यांना सूट आहे. टेक्सासने ‘परवाना लागत नाही’ म्हटल्याने संघीय कायद्यातली ही सूट बिनपरवाना माणसाला मिळत नाही. म्हणून नागरिक असलात तरी चाळीस डॉलरचा राज्याचा परवाना काढणं शहाणपणाचं. भाच्याच्या अपार्टमेंटच्या मागच्या कुंपणाला लागून प्राथमिक शाळा आहे. तो नागरिक असता आणि बिनपरवाना पिस्तूल लावून बाहेर पडला असता, तरी घराच्या दारात कायदेशीर आणि समोरच्या फुटपाथवर आरोपी झाला असता.

बॅकग्राउंड चेक पास होणं म्हणजे एफबीआयच्या नोंदींत त्या वेळी तुमच्याविरुद्ध काही सापडलं नाही, इतकंच. तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तरी दुकानाला संघीय कायद्याने माल देता येतो. त्याला परवानगी समजू नका. आणि मित्राच्या किंवा सिटिझन मेव्हण्याच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर तो २०२२ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, दोघांनाही अडकवणारा.

ग्रीन कार्डवाल्यांनी ‘आपल्याला काय’ म्हणू नये. त्यांना बंदूक बाळगता येते, पण बेकायदा बाळगल्याबद्दल दोषी ठरले तर इमिग्रेशन कायद्यात बंदुकीच्या गुन्ह्यासाठी हद्दपारीचं वेगळं कलमच आहे.

भाच्याने पिस्तूल ताब्यात घेतलं नाही, पैसे परत मागितलेत. ज्यांनी या मेसेजवर विसंबून आधीच घेतलंय त्यांनी घाबरून ते मित्राकडे नेऊन ठेवू नये, दुकानात परत द्यायलाही स्वतःहून गाडीत घालून निघू नये. आधी फौजदारी आणि इमिग्रेशन दोन्ही कळणाऱ्या वकिलाला फोन करा, तो सांगेल तसंच करा, आणि तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर याबद्दल एक अक्षर लिहू नका. ज्यांनी मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी तो नुसता डिलीट करून भागणार नाही. ज्या ज्या ग्रुपवर टाकला तिथे तिथे ‘ही माहिती चुकीची होती’ असं स्वतःच्या नावाने लिहा, आजच, कारण शनिवारी दुकानात जाणारा आणखी कुणाचा तरी भाचा असेल.