सौ.ची पाटवडी

परवाच्या रविवारी इंदिरानगरच्या एका हॉलमध्ये माझ्या पाटवडी रश्श्याला दुसरं बक्षीस मिळालं आणि ते घ्यायला स्टेजवर माझ्या बायकोला बोलावलं. सर्टिफिकेटवर पेनाने ठळक 'सौ.' आणि पुढे तिचं नाव. माझी बायको गॅस पेटवते ती चहापुरती, आणि त्या चहाबद्दलसुद्धा घरात दोन मतं आहेत. पण ती उठली, ओढणी सारखी केली, वर गेली, पोळ्यांचा स्टीलचा डबा घेतला आणि फोटोत हसली पण. मी खाली टाळ्या वाजवत होतो, कारण शेजारचे सगळे वाजवत होते.

नाव मीच दिलं होतं म्हणा. गेटवरच्या ताईंनी विचारलं "वहिनींचं नाव?", मला वाटलं जेवणाच्या कूपनसाठी असेल.

तर हा आमचा स्वयंपाकाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्याच सोसायटीत सुरू झाला, तेव्हा म्हणजे ए विंगला यीस्ट आहे का, सी विंगमध्ये कुणाकडे मैदा उरलाय का, एवढंच चालायचं. मग कुणाची नणंद आली नाशिकरोडहून, कुणाची मावशी देवळालीहून, मावशीच्या सुनेची मैत्रीण न्यू जर्सीहून, आणि २५६ झाल्यावर ग्रुप फुल्ल. तेव्हा तेवढीच मर्यादा होती. कुणी रुसून लेफ्ट झालं की पाच मिनिटांत ती जागा भरायची, सीबीएसवरून सुटणाऱ्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तशी. मग २०२२ मध्ये कंपनीने आधी ५१२ केले, त्याच वर्षी १०२४ केले, आणि आमच्या अ‍ॅडमिन बाईंना जणू महापौरपद मिळालं. आता आम्ही १०२४ सुद्धा भरून बसलोय. सकाळी 'आजचा डबा', गुरुवारी उपवास, रविवारी मिसळ (पापड दिसला नाही तर 'ही नाशिकची नाही' म्हणून फोटो परत), पापड-कुरडया विकायच्या असतील तर फक्त बुधवारी. नियमावलीच एवढी लांब आहे की ती वाचेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या होतात.

आणि एवढ्या गर्दीतून निघालेला हा पहिला स्नेहमेळावा. ज्याने त्याने आपापल्या पदार्थामागे उभं राहायचं, लोक चव घेत फिरणार आणि मतं चिठ्ठीवर लिहिणार. मी उभा राहिलो. बायको साड्यांच्या स्टॉलवर गेली.

आणि काकू आल्या.

हातात घरून आणलेली स्वतःची वाटी, स्वतःचा चमचा. पाटवडीचा कोपरा मोडला, रश्श्यात बुडवला, खाल्ला, डोळे मिटले. मग उघडले आणि माझ्यामागे बघायला लागल्या.

"कुणी केलं हे?"

"मी."

"हां, तू आणलंस. केलं कुणी?"

"मीच केलं, काकू."

"आई असती का तुझ्याकडं?"

"नाही, आई येवल्याला असते."

"मंग येऊन गेली असंल इतक्यात."

मी म्हटलं नाही हो, दिवाळीनंतर आलीच नाही. काकूंनी वाटी टेबलावर ठेवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं की आता तोंडी परीक्षा आहे.

"पीठ कालवून घेतो का वरून भुरभुरतो?"

"कालवून. ताकात."

"गुठळी झाली तर?"

"होत नाही."

"गुठळी होत नाही म्हणणाऱ्यानं कधी केलेलंच नसतं," काकू शेजारच्या ढोकळावाल्या बाईंना म्हणाल्या. त्या बाईंनी मान हलवली. यांचा स्वतःचा ढोकळा मधोमध बसलेला, पण मान हलवायला काय जातं.

"ताटाला काय लावलं?"

"तेल."

"थापताना हाताला?"

"पाणी."

"खसखस आधी का खोबरं आधी?"

"आधी खसखस."

"असं कोण करतं?"

"आमच्या घरी असंच करतात."

"बघा," काकू म्हणाल्या, "आईचीच पद्धत हाये ही."

म्हणजे चुकलो असतो तर मी केलं नाही, आणि बरोबर आलं तर आईने केलं. हा पेपर मला कुठूनच सुटणार नव्हता. मग आला कांदा. रश्श्याला कांदा कोणता भाजला? मी म्हटलं उन्हाळ. इथे पहिल्यांदा त्या जरा थांबल्या, कारण उत्तर बरोबर होतं. लाल कांद्याला पाणी फार, भाजता भाजता तो शिजतोच, उन्हाळ कांदा चाळीत टिकतो आणि तव्यावर पण नीट भाजला जातो, हे नाशकात निदान माहीत तरी पाहिजे. पण त्यांचा भाऊ निफाडकडे कांदा लावतो, त्यामुळे विषय पाटवडीवरून जो सुटला तो थेट लासलगावच्या मार्केटात. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरात सरळ बंदीच, ती उठली मे २०२४ मध्ये, तोवर भावाच्या चाळीत काय काय झालं ते सगळं. मी मान खाली घालून ऐकत होतो, जसं काही ते नोटिफिकेशन मीच काढलं होतं. मागे रांग लागली. दोघं-तिघं पाटवडी न चाखताच पुढे सटकले, आणि ही माझी गेलेली मतं आहेत हे इथे नोंदवून ठेवतो, पहिलं बक्षीस ढोकळ्याला गेलंय.

"हात दाखव बरं," काकू म्हणाल्या.

दाखवला. मनगटाजवळ कढईचा चटका बसलेला डाग आहे, चांगला ठसठशीत. मला वाटलं, घ्या आता पुरावा.

"कामाला कुठं?"

"सातपूरला, कंपनीत."

"मंग तिथलाच असंल."

तेवढ्यात बायको आली. दोन पिशव्या घेऊन. काकूंचा चेहरा असा उजळला की बास. "अगं किती छान झालीय वडी! ताकात कालवलंस ना पीठ?" आणि माझी बायको, जिच्यासोबत मी संसार करतो, ती म्हणाली, "हो का? थँक्यू काकू."

थँक्यू! घरी येताना गाडीवर मी काही बोललो नाही. तिला वाटलं हेल्मेटमुळे ऐकू येत नाहीये.

रात्री भांडण काढलं तर तिच्याकडे आकडे तयार. २०१९ चा सरकारचा टाईम यूज सर्व्हे आहे म्हणे, त्यात दिवसभरात घरचं बिनपगारी काम करणारे पुरुष २६ टक्के आणि बायका ८१ टक्के, आणि जे पुरुष करतात ते ९७ मिनिटं, बायका २९९. "मग काकूंनी काय म्हणून विश्वास ठेवायचा तुझ्यावर?" आता यावर काय बोलणार, आकडे खरेच आहेत. पण मी त्या २६ मध्ये आहे ना! आमची कुठे वेगळी रांग तरी लावा. आणि खरं सांगू का, राग काकूंचा नाहीच येत मला. ग्रुप तीस-चाळीस जणांचा होता तेव्हा चौथ्या मजल्यावरून काळ्या मसाल्याचा वास आला की लोकांना माहीत असायचं कोण कढईपुढे उभा आहे, लोक वाटी घेऊन वर यायचे. आता १०२४ आहेत, अंगठे येतात, हृदयं येतात, 'वहिनी सुगरण आहेत हो दादा' हे दर फोटोखाली येतं, आणि मी दर वेळी 'मी केलंय' असं लिहितो आणि त्याच्यावरही लोक हसायची बाहुली टाकतात. ज्या बायका खरोखर रोज दोन वेळा रांधतात त्यांना तरी कुठे कुणी डबा दिला म्हणा. तिसरं बक्षीस एका केटरिंगवाल्यांच्या घरात गेलंय, ते वेगळंच.

सोमवारी अ‍ॅडमिन बाईंना मेसेज केला, सर्टिफिकेटवरचं नाव बदलून मिळेल का. संध्याकाळी उत्तर आलं: 'दादा, नावात बदल हवा असल्यास ज्यांचं नाव आहे त्यांनी स्वतः ग्रुपवर विनंती करावी.' म्हटलं ती ग्रुपवर नाहीये, तिला अ‍ॅड करा. तर म्हणे ग्रुप फुल्ल आहे, कुणीतरी बाहेर पडलं तर करता येईल. पुढे हात जोडलेले.

मी काही बाहेर पडत नाहीये. येत्या गुरुवारी साबुदाण्याचे वडे टाकतोय, फोटोत तळताना माझा हात येईल कोपरापर्यंत, केसांसकट. बघू काय म्हणतात.