झाडं विकायची तर उक्तीच विका

बागायतीत सागवान तयार झालंय, घराची कौलं बदलायची आहेत, आणि कुणीतरी शहाणा सांगतो, ‘आधी एखादा वनतज्ज्ञ बघा, निवृत्त रेंजर किंवा वनशास्त्र शिकलेला कुणी.’ अशा माणसाला चहासुद्धा विचारू नका. वनतज्ज्ञाला फी द्यावी लागते. लाकडाचा कंत्राटदार फुकट येतो, वर मे महिन्यात हुर्राकाची, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूची, बाटली आणतो.

त्याला एवढंच विचारायचं, ‘सगळी मिळून किती देणार?’ टेप लावू नका. छातीच्या उंचीवर घेर मोजणं वगैरे सरकारी चाळे. मोजायचंच असेल तर त्यालाच मोजू द्या. घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, असा बाजाराचा रिवाज. चार फूट घेराचा, बारा फूट लांबीचा ओंडका या हिशेबात १२ घनफूट भरतो, प्रत्यक्षात असतो सव्वापंधरा. वरचं सव्वातीन फूट ओळखीपोटी.

दुसऱ्या व्यापाऱ्याला भाव विचारू नका, पहिला रागावेल.

परवानगीचं तोच बघतो. तुम्ही कोऱ्या अर्जावर सही ठोका. गोव्याचा १९८४चा वृक्षसंरक्षण कायदा, वाहतुकीचा पास, आपला सर्व्हे नंबर खासगी वनात धरलाय का, असल्या कटकटी त्याच्या. अर्जदार म्हणून नाव तेवढं तुमचं. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरच्या बाकीच्या मालकांच्या नावांचं काय करायचं ते विचारूच नका, त्यातलं एक लिस्बनला आहे.

आणि झाडांवर खुणा तर मुळीच करू नका. वनतज्ज्ञ काय करतो, विकायच्या प्रत्येक झाडाला नंबर घालतो, एक खूण खोडावर आणि एक अगदी बुडाशी, म्हणजे झाड गेलं तरी खुंट साक्ष देतो. केवढा हा अविश्वास! आमच्या दादाने (थोरला चुलतभाऊ, सत्तरी तालुक्यातली बागायत सामायिक) हा अपमान कुणाचा केला नाही. नुसता हात फिरवून म्हणाला, ‘ही वरच्या बाजूची.’ वरची बाजू कुठे संपते ते मग करवतवाल्याने ठरवलं. मनगटाएवढी पोरसवदा सागं गेली. दोन फणस गेले, चांगले धरणारे. कुंपणाजवळचं किंदळ गेलं. झाड कुठल्या अंगाला पाडायचं हे सांगायला कुणी नव्हतं, म्हणून दोन सागं थेट माझ्या कुळागरात, पोफळीच्या बागेत, पडली, पोफळी मोडून. ट्रकला वाट हवी होती, ती पाटावरून काढली. पाट फुटला. भर मे महिन्यात पोफळी सुकताहेत आणि दादा म्हणतो, ‘पण पैसे रोख दिले रे त्याने!’ रोख दिले! कशाचे दिले? किती लाकूड गेलं ते तुला माहीत आहे का? मला नाही, तुला नाही, फक्त त्याला माहीत आहे!

काय माणसं आहात तुम्ही? बायकोची पाटली मोडायची तर तीन सोनारांकडे वजन करता, आणि आजोबांनी लावलेली झाडं एका बाटलीवर सोडून देता. फी परवडत नाही म्हणे. अरे, ती आधी ठरवून घ्या, रोजाच्या हिशेबाने द्या. टक्क्यावर देऊ नका, नाहीतर तोही जास्त झाडं पाडायला सांगेल. त्याच्याकडून यादी करून घ्या, तीन-चार व्यापाऱ्यांकडून बंद पाकिटात दर मागवा, पूर्ण पैसे करवत लागायच्या आधी घ्या. गाडी कुठून जाणार आणि मोडतोड झाली तर कोण भरणार, हे करारात लिहून घ्या. लिहिता येतं ना? ग्रामसभेत तर चार-चार पानी अर्ज देता.

आणि दादा, हे वाचत असशील तर पाट तू बांधून द्यायचास. मिरगाची वाट बघू नकोस.