इश्तारचा फॉरवर्ड, आणि त्यात आपल्याच हिस्लॉपचा भाऊ

लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ, लागला की तो मेसेज फिरायला लागतोच. यंदा आधी चर्चच्या ग्रुपवर आला, मग संडे स्कूलच्या आयांच्या ग्रुपवर, मग नणंदेनं मला वेगळा पाठवला. थोडक्यात त्यात असं म्हटलंय की ईस्टर हा मुळात बाबेलच्या इश्तार देवीचा सण, अंडं न् ससा ही तिची चिन्हं, गुड फ्रायडेचा क्रॉसवाला बन म्हणजे जुन्या करारात यिर्मयाच्या पुस्तकातल्या आकाशराणी देवीला वाहिलेल्या पोळ्या, बायबलमध्ये यातलं काहीच नाही, वरून हे सगळं गोऱ्यांचं, आणि म्हणून लेकरांकडून असले पदार्थ करवून घेणं म्हणजे त्यांच्या हातानं मूर्तिपूजा करवणं. पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, मुलांना घेऊन स्वयंपाक करायचं आमचं ठरलं होतं, हे वाचून दोघी जणी लगेच मागे सरल्या, म्हणून एकेक मुद्दा घेते.

इश्तार होती, खोटं नाही, मेसोपोटेमियात तिची मोठमोठी देवळं होती. पण तिची चिन्हं म्हणजे सिंह आणि आठ टोकांचा तारा. अंडं-ससा तिच्या गळ्यात बांधले कोणी? आता हे नागपूरकरांनी नीट वाचा. ईस्टर म्हणजे इश्तारच, हे सगळीकडे पसरवलं अलेक्झांडर हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश पाळकानं, आणि हा आपल्या सिव्हिल लाइन्समधलं कॉलेज ज्याच्या नावानं आहे त्या स्टीफन हिस्लॉपचा सख्खा मोठा भाऊ! धाकटा 1845 मध्ये नागपूरला आला, शाळा काढली, आसपासचे दगड न् जीवाश्म गोळा करत फिरला आणि 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना पुरात वाहून गेला. थोरला तिकडे स्कॉटलंडमध्ये बसून रोमन कॅथलिक उपासना म्हणजे बायबलमधला राजा निम्रोद न् त्याच्या बायकोचीच पूजा हे सिद्ध करायच्या मागे लागला होता, 1853 मध्ये त्यानं पत्रक काढलं, 1858 मध्ये त्याचंच जाडं पुस्तक केलं, 'द टू बॅबिलन्स'. ईस्टर आणि इश्तार कानाला सारखे लागतात, त्याच्यासाठी एवढा पुरावा बस झाला. म्हणजे हे काही दडपून ठेवलेलं प्राचीन ज्ञान वगैरे नाही बाप्पा, चर्चचंच आपसातलं जुनं भांडण आहे, आणि गंमत अशी की ते पुढे पाठवणाऱ्यांत आमचे दोन-तीन कॅथलिक शेजारी पण आहेत.

बरं, नावाचंच म्हणाल तर ईस्टर हे फक्त इंग्रजी-जर्मनवाल्यांचं, बाकी बऱ्याच भाषांत सणाचं नाव पास्का या शब्दावरून आहे, म्हणजे बायबलमधला यहुद्यांचा वल्हांडण सण. बीड नावाच्या इंग्लिश साधूनं 725 च्या सुमारास लिहिलंय की इंग्लिश लोकांत या महिन्याचं नाव एओस्त्रे देवीवरून पडलं होतं. त्यातही अंडं नाही आणि ससाही नाही.

अंड्याचं कारण तर इतकं घरगुती आहे की हसू येतं. जुन्या काळी लेंटमध्ये मांसाबरोबर दूध-लोणी-अंडी पण बंद असायची, पण कोंबडीला थोडीच सांगता येतं की बाई, आता चाळीस दिवस थांब, ती अंडी घालतच राहायची, मग साठलेली अंडी ईस्टरला रंगवून वाटायचे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड, त्याच्या 1290 च्या हिशेबात साडेचारशे अंड्यांचे अठरा पेन्स लागलेले आहेत. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही लाल अंडी करतात, लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, कवच म्हणजे त्याची बंद कबर. घरी करायला रंग आणायची गरजच नाही, भाजीवाल्याच्या टोपलीत कांद्याची सालं फुकट मिळतात, दोन-तीन मुठी सालं, पाणी, चमचाभर व्हिनेगर, त्यातच अंडी उकडायची, वीट-लाल रंग चढतो. उकडायच्या आधी अंड्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवून जुन्या मलमलीत घट्ट बांधलं तर पानाची नक्षी पण उठते, मुलं यातच रमतात.

सशावर मी वाद घालणार नाही. तो जर्मन लोककथेतला, 1682 च्या एका लेखात अंडी आणून ठेवणारा ससा सापडतो. इश्तारचा नाही आणि कबरेशी पण त्याचा संबंध नाही, नको असेल तर सोडा.

बन. यिर्मयाच्या सातव्या अध्यायात मुलं लाकडं गोळा करतात, बाप जाळ करतो, बाया कणीक मळतात, हे खरंच आहे. पण तिथला राग कणकेवर नाही, ती कोणाला वाहिली त्यावर आहे, नाहीतर आपल्याला पोळ्याच बंद कराव्या लागतील. आणि यिर्मयापासून इंग्लंडच्या बेकरीपर्यंत धागा कुठे आहे? उलट लंडनमध्ये 1592 मध्ये हुकूम निघाला होता की मसाल्याचे बन फक्त गुड फ्रायडे, नाताळ आणि मयतीलाच विकायचे. क्रॉस करायला मैदा-पाण्याची घट्टसर पेस्ट दुधाच्या धुतलेल्या पिशवीत भरायची, टोक अगदी बारीक कापायचं, जास्त कापलं की क्रॉस पसरून त्याचा ठिपका होतो.

(आपल्या बाजूचेही फॉरवर्ड काही कमी नाहीत हं, एका साधूनं सन 610 मध्ये प्रार्थनेचे हात बघून प्रेट्झेल, म्हणजे गाठ मारल्यासारखा पाव, बनवला या गोष्टीला पुरावा नाही. आकार हात बांधल्यासारखा दिसतो, मुलांना तेवढंच सांगा.)

'बायबलमध्ये नाही' याचं मात्र मला नवलच वाटतं. निर्गमाच्या पुस्तकाचा 12 वा अध्याय काढा, वल्हांडणाचं जेवण तिथेच आहे. बेखमीर भाकर, कडू भाजी, भाजलेलं कोकरू, आणि 26 व्या ओवीत स्पष्ट आहे की तुमची मुलं विचारतील, याचा अर्थ काय, तेव्हा त्यांना सांगा. ताट समोर ठेवून लेकरांना गोष्ट सांगायची ही पद्धत तिथलीच आहे. मग आपण का घाबरायचं?

आणि गोऱ्यांचं म्हणाल तर आमच्या मल्याळी शेजारणीकडे पवित्र गुरुवारी पेसहा अप्पम होतो, तांदूळ-उडदाचं न आंबवलेलं पीठ वाफवून, वर झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, झावळीचा क्रॉस. यात गोरं काय आहे? ईस्टरला ख्रिस्त उठला आणि कबर मोकळी सापडली, ती मोकळी कबर दाखवायला अमेरिकेत पावाच्या पिठात मार्शमॅलो घालून भाजतात, तो वितळला की आत पोकळ. मार्शमॅलोत बहुतेक वेळा जिलेटिन असतं, महागही पडतो, मी पुरी करते. जरा जाड लाटायची, तेल चांगलं तापलेलं हवं, झाऱ्यानं हलकं दाबायची, आतल्या पाण्याची वाफ होऊन दोन पापुद्रे सुटतात. फोडायची मोठ्यांनी, वाफ भसकन हातावर येते, मग मुलांना आत बघू द्यायचं. कोणीच नाही आत! ज्याची फुगली नाही तो रडतो, त्याच्यासाठी दोन जास्तीच्या तळून ठेवा.

पहाटेच्या उपासनेनंतर अंडी शोधायचा खेळ ठेवणार असाल तर लपवायची अंडी प्लास्टिकची घ्या आणि खायची घरी फ्रिजमध्ये ठेवा, नागपूरच्या एप्रिलमध्ये उकडलेलं अंडं तासाभराच्या वर बाहेर राहिलं तर ते मुलांना देऊ नका. चॉकलेटची तर आणूच नका, गाडीतच त्यांचा रस होतो.