अपघाताची तारीख व वेळ

भरपाईच्या अर्जातला ‘अपघाताची तारीख व वेळ’ हा रकाना मी कोरा ठेवला, म्हणून सोमवारी मेडिकल बोर्डासमोर माझी उलटतपासणी झाली. चाकणच्या कारखान्यात मी चौदा वर्षे मोटारींच्या वायरिंगला कनेक्टर दाबून बसवते आहे. दर वीस सेकंदांना एक, म्हणजे पाळीला बाराशेच्या वर. त्यांतल्या नेमक्या कोणत्या दाबाला मनगटातली नस चेपली, हे मी कोणत्या पंचांगात पाहायचे?

पदरचे पैसे मोजून काढलेला नसेच्या चाचणीचा रिपोर्ट डॉक्टरसाहेबांनी उघडलासुद्धा नाही. बॉलपेन खटक-खटक वाजवत (पेन वाजवणाऱ्या माणसांचा मला मुळातच तिटकारा आहे) त्यांनी विचारले, “घरी कणीक कोण मळतं?” मी म्हटले, मीच मळते. “मग झालं तर!” म्हणजे बाराशे कनेक्टर निर्दोष आणि आठ पोळ्यांची कणीक आरोपी. शेजारी बसलेल्या भाऊसाहेबांनीही मान डोलावली. त्यांच्या घरी पोळ्या बहुधा झाडाला लागत असाव्यात.

1923 च्या भरपाई कायद्यापासून चालत आलेल्या तक्त्यात अंगठा गेला तर 30 टक्के, तर्जनी पुरती गेली तर 14 टक्के, असे चोख दर लावलेले आहेत. माझी बोटे मात्र जागच्या जागी आहेत, फक्त त्यांना चहाचा कप पेलत नाही. आजार कामामुळे होणाऱ्या रोगांच्या सरकारी यादीत बसत नसेल, तर तो एखाद्या ठरावीक अपघातातूनच झाला हे कामगाराने दाखवायचे. खटका दाबून दाबून आखडलेले तारबाबूंचे हात ब्रिटनने 1908 मध्ये यादीत घेतले होते; आमच्या हातांना मात्र अजून मुहूर्त हवा.

दोन वर्षांपूर्वी मी जागा बदलून मागितली, तेव्हा सुपरवायझर “लाइन थांबेल” म्हणाला होता, आणि त्याच साली महिलादिनाला कंपनीने आम्हाला भेट काय द्यावी, तर ताण घालवण्यासाठी दाबायचा रबरी चेंडू!

हे सगळे आठवून मी बोर्डासमोर टेबलावर उजवा हात जोरात आपटला. अंगठा आणि पुढची दोन बोटे बधिर असल्यामुळे तिथे काही कळलेच नाही. सगळा मार बसला तो एकट्या धडधाकट करंगळीला. ती आता टम्म सुजली आहे, आणि तिच्या अपघाताची तारीख व वेळ मला अचूक सांगता येते: सोमवार, सकाळी सव्वाअकरा.