हुशार पोरांना कसला आलाय त्रास?

शिष्यवृत्तीचा निकाल लागला की कोल्हापुरात दोन गोष्टी हमखास होतात. चौकात पोरांच्या फोटोंचे डिजिटल फलक लागतात आणि मोबाईलवर तो जुना मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: हुशार पोरं जन्मतःच हुशार असतात, आपोआप वर येतात, त्यांची काळजी नको. 'तू हुशार आहेस' असं सारखं सांगा, आत्मविश्वास वाढतो. त्यांना मित्र नसतील तर तो त्यांचा ताठा. आणि शेवटी टाळीचं वाक्य, पुढच्या बाकावरचे नोकर होतात, मागच्या बाकावरचे मालक.

मंगळवार पेठेत 'हुशार पोरगी' म्हणूनच वाढल्यामुळं मला यावर गप्प बसवत नाही.

टाळीचं वाक्य आधी निकालात काढते. मागच्या बाकावरून मालक झालेल्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात, त्याच बाकावरून शाळा सोडून गेलेल्यांच्या नाहीत. शिवाय 'आपोआप वर येतात' म्हणायचं आणि 'नोकर होतात' असंही म्हणायचं, म्हणजे मेसेज स्वतःशीच भांडतोय.

आता 'जन्मतःच' आणि 'आपोआप'. शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ मध्ये ती पाचवी-आठवीला नेली, २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलं. तिच्यात बुद्धिमत्ता चाचणी असते, आणि त्या चाचणीची तयारी पोरं वर्षभर गाईड घेऊन, जादा तासांना बसून करतात. सराव करावा, त्यात गैर काही नाही. पण सरावानं मिळवलेल्या गुणांना जन्मजात म्हणायचं? शास्त्रशुद्ध चाळणीतूनही पोरं निसटतात. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ पासून बुद्ध्यंक (आयक्यू) मोजून सुमारे दीड हजार मुलं निवडली आणि पुढं कित्येक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्यातली बरीच चांगली शिकली, मोठ्या हुद्द्यांवर गेली. पण लहानपणी चाचणी देऊन त्या यादीत न बसलेल्या दोन पोरांना, विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ यांना, पुढं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये.

आणि काळजीच नको असती तर आप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये पुण्यात अशाच विद्यार्थ्यांसाठी ज्ञानप्रबोधिनी कशाला काढली असती?

या पोरांचा खरा घोळ सोपेपणात असतो. शाळेत सगळं पहिल्याच फटक्यात कळतं, त्यामुळं न कळलेल्या गोष्टीशी झटायचं कसं हे शिकायची वेळच येत नाही. अकरावीला सायन्सला गेल्यावर भौतिकशास्त्राचं एक प्रकरण माझ्या डोक्यावरून गेलं. बाकीच्यांना त्याचं काही वाटलं नाही, त्यांनी सरळ हात वर केले. मी मात्र वहीत बघत मान डोलावत बसले, कारण माझा हात वर गेला असता तर वर्गानं वळून बघितलं असतं. आपल्या तालमीत असं होत नाही. अंगात रग असलेल्या पोराला वस्ताद वरचढ जोड देतो, ते रोज चीत होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले, १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतलं. मधल्या चार वर्षांना 'आपोआप' कोण म्हणेल?

'सारखं हुशार म्हणा' हा सल्ला तर उलटाच पडतो. म्युलर आणि ड्वेक या संशोधिकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाचवीच्या मुलांवरचा आहे. कोडी सोडवल्यावर काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस'. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेल्यांची गोडी उडाली, नंतरच्या सोप्या कोड्यांतही ती मागं पडली. आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या मुलांना निनावी लिहून कळवायचे होते, तेव्हा त्यांच्यातल्या जास्त जणांनी ते वाढवून लिहिले. (मेहनतीनं बुद्धी वाढते या विचारावर बेतलेल्या शालेय कार्यक्रमांचा फायदा मोठ्या पाहण्यांमध्ये किरकोळच दिसला, हेही सांगायला हवं.) पण गुण वाढवून लिहिणारं ते पोरगं मी चांगलं ओळखते. घरी पाहुणे आले की आत्या मला बाहेर बोलवायची, 'एकोणतीसचा पाढा म्हणून दाखव गं.' म्हटला की कौतुक माझं, आणि शेजारी उभ्या चुलतभावाला टोमणा, 'शिक काहीतरी हिच्याकडनं.' मला चुकायची चोरी, त्याला माझं तोंड बघणं नको झालेलं.

राहिला ताठा. मानसशास्त्रज्ञ लीटा हॉलिंगवर्थ यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अशा मुलांचा बारकाईनं अभ्यास केला. त्यांचं निरीक्षण असं की १२५ ते १५५ बुद्ध्यंकाची मुलं चारचौघांत छान रमतात, त्याच्या बरंच वर गेलेल्यांना मात्र बरोबरीचं कुणी भेटत नाही. म्हणजे सरसकट सगळी हुशार पोरं एकटी पडतात हेच खरं नाही. आणि पडतात तेव्हा त्यात मोठ्यांचा हातभार बघा. बाई वर्गाबाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम कुणाकडं? पहिल्या नंबरच्या पोरीकडं. तिच्याशी मधल्या सुट्टीत कोण बोलणार? सहावीत आम्हाला नव्या बाई आल्या, त्यांनी ते काम पाळीपाळीनं सगळ्यांना वाटलं, आणि त्याच वर्षी लंगडीच्या डावात मला पहिल्यांदा कुणीतरी आपल्या बाजूला मागून घेतलं.