ससा विष्ठाभक्षी कसा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘विष्ठाभक्षी प्राणी’ या लेखात मी शेणकिड्यांच्या पंगतीला सशाला बसवलं, ते तुम्हाला खटकलं. आमचा ससा गवत-गाजर खातो, त्याला असलं किळसवाणं नाव देऊ नका, असं तुम्ही लिहिलंत. शिवाय सगळे शेणकिडे गोळे लोटत नाहीत, हेही सुनावलंत.

दुसरा मुद्दा मान्य, चूक माझीच. बरेच शेणकिडे पोच्या खालीच बीळ करून शेण आत ओढतात, काही तर त्या पोतच राहतात. पावसाळ्याच्या तोंडावर गायरानातला एखादा पो काडीने उलटून बघा. वर सुकलेला पापुद्रा, खाली भोकंच भोकं आणि भोकांच्या तोंडाशी उकरलेल्या भुसभुशीत मातीचे ढीग.

सशाचं मात्र मी मागे घेणार नाही. गवत पचवायला त्याच्याकडे गाईसारखं चार कप्प्यांचं पोट नाही. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथल्या पिशवीत, अंधनालात, जिवाणू गवत आंबवतात. त्यातून ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं तयार होतात, पण सत्त्व शोषलं जातं मुख्यतः लहान आतड्यात आणि ती पिशवी पडते त्याच्यानंतर, म्हणून बरंचसं सत्त्व पदरात पडण्याआधीच बाहेर जातं. ते परत मिळवायला ससा मान खाली घालून, मागच्या पायांमध्ये तोंड नेऊन, मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या बारक्या घोसासारख्या लेंड्या थेट गिळतो. तुम्ही रोज झाडता त्या कोरड्या गोल लेंड्या वेगळ्या. म्हणून तुम्हाला हे कधी दिसलं नसेल.

‘शेण खाल्लं’ ही आपल्याकडे शिवीच, त्यामुळे शब्द टोचतो, हे मला कळतं. पण ‘कीटकभक्षी’सारखाच हाही शब्द पोटात काय जातं, तेवढंच सांगतो. आणि हे खाणारे नसले तर काय होतं ते ऑस्ट्रेलियाने भोगलंय. 1788 मध्ये तिथे गाई उतरल्या. तिथल्या शेणकिड्यांना कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांची सवय, गाईचं ओलं शेण त्यांना आवरेना. पो महिनोन्‌महिने पडून राहू लागले, कुरणं झाकली गेली, माश्या माजल्या. शेवटी कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिस्सा यांच्या आग्रहाने 1960 च्या दशकापासून बाहेरून, मुख्यतः आफ्रिकेतून, शेणकिडे आणून सोडावे लागले.

आता एक काम करा. सकाळी पिंजऱ्यात ते मऊ घोस न खाल्लेले, चिकटून पडलेले वरचेवर दिसतात का, बघा. दिसले तर गाजर कमी करा, वाळलेलं गवत वाढवा आणि ससा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून आणा.